थंड केलेले दगड

सुगुणाचं पोर गेलं तेव्हा त्याला दात आले नव्हते. आम्हा वड्डरांत दात न आलेल्या लेकराला जाळत नाहीत, मोठ्यांच्या मसणवट्यातही नेत नाहीत. तळ्याच्या काठाला ओल असेल तिथं कंबरभर खड्डा काढायचा, हळद लावून ठेवायचं आणि माती लोटायची. खूण म्हणून एक खडाही ठेवायचा नाही. मग वर्षभर दर अवसेला आईनं तिथं तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी खाली झिरपलं की लेकराची तहान भागते, आणि वर्ष पुरं झालं की ते परत त्याच कुशीला येतं. खरं-खोटं मला विचारू नका. माझ्या सासूचं एक असं परत आलं म्हणतात, ते म्हणजे आमचे मालक, सायन्ना. खाणीतली धूळ खाऊन आता दिवसभर खोकत बसतात. मी एकदा रागाच्या भरात म्हटलं होतं, "एवढं पाणी पाजून हेच आलं होय परत?" सासू आठ दिवस माझ्याशी बोलली नव्हती.

सुगुणा माझी धाकटी जाऊ, नरसिमुलूची बायको. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर ते पोर झालं. नऊ वर्षं वाडीतल्या बायकांनी तिला बारशाला बोलावलं नव्हतं, आणि झालं तेव्हा त्याच बायका तोंड भरून लाडू खाऊन गेल्या. पाच महिन्यांचं होऊन तापानं गेलं. दवाखान्याची गाडी यायच्या आधीच माझ्या मांडीवर गेलं, आणि सुगुणा तिकडं पेज आटवत होती. तिला सांगायला माझंच तोंड होतं. ते काही मी विसरायची नाही.

तळ्याच्या काठाला एक एकटा ताड आहे. त्याच्या बुंध्यापासून पाण्याकडे पाच पावलांवर नरसिमुलूनं खड्डा काढला. दोन अवसा नीट गेल्या. तिसऱ्या अवसेला सुगुणा तांब्या घेऊन गेली आणि भरला तांब्या घेऊन परत आली.

"अक्का, तार घातलीय," ती म्हणाली.

"कसली तार?"

"काठाला. खांब रोवलेत. आत जाऊ देत नाहीत."

मी जाऊन बघितलं. गावातल्या बड्या रावांनी तळ्याच्या अंगाला लग्नाचा फंक्शन हॉल बांधला होता, त्याच्या पुढची सगळी जागा कुंपणात गेली होती. आमची गुरं तिथं चरायची, आमची लेकरं तिथं खेळायची, पण कागद आमच्याकडं कधीच नव्हता. तिन्हीसांजेला सुगुणा परत गेली, तारेतून हात घातला आणि पुरेल तितक्या लांब पाणी फेकलं. ताडापर्यंत ते पोचलं नाही.

दोन दिवसांनी रावांचा मेस्त्री वाडीत आला. गंगाराम त्याचं नाव. बाजेवर बसला, आमची अंबली प्याला, मिशा पुसल्या.

"नरसिमुलू, काम आहे. गाड्या लावायची जागा करायचीय. दीडशे गाड्यांची."

"डांबर का सिमेंट?"

"दोन्ही नाही. तळ्याचा काठ आहे ना, सरकार सिमेंटला परवानगी देत नाही. जमीन पाणी पीत राहिली पाहिजे म्हणे. हैदराबादहून एक इंजिनियरबाई आलीय. खाली खडी, वर दगड, आणि दगडांच्या सांध्यात नुसती कच, दगडाचा रवाळ चुरा. सिमेंटचा एक कण नाही. असं काम वड्डरांशिवाय कोण करणार?"

"खालचं खोदायला कोण?"

"मशीन येतंय."

नरसिमुलूनं माझ्याकडं बघितलं, मग दाराआड उभ्या सुगुणाकडं. तो फार बोलणारा नाही. गावात त्याला मुका म्हणतात, आणि तो चिडत नाही.

गंगाराम गेल्यावर सुगुणा बाहेर आली. "त्याच्या अंगावर गाड्या उभ्या करणार? आणि दगड तू बसवणार? बाप आहेस का कोण आहेस रे?"

"मी नाही घेतलं तर दुसरा घेईल," नरसिमुलू म्हणाला. "त्याला काय माहीत तिथं काय आहे. मशीन घालेल. मी घेतलं तर ताडाजवळचं हातानं खोदीन."

"मग रावांना सांग ना. एवढीशी जागा सोडा म्हणावं."

"सांग आणि बघ," आतून सायन्ना खोकत म्हणाले. "लग्नाच्या हॉलपुढं मेलेलं पोर पुरलंय म्हटल्यावर राव जागा सोडेल होय? उकरून तळ्यात टाकेल, वर शांत करायला होम घालेल."

ते खरं होतं. तेव्हाच घरात ठरलं, की हे तोंडातून बाहेर काढायचं नाही.

पण सुगुणाचं मन वळलं ते नवऱ्यामुळं नाही, त्या इंजिनियरबाईमुळं. स्रवंती मॅडम तिचं नाव. पोरगेलीशी, ऊन लागून नाक सोललेलं, बूट चिखलानं भरलेले. पहिल्याच दिवशी तिनं आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि हातभर जागेत नमुना करून दाखवला. खाली जुन्या पुलाचं फोडलेलं काँक्रीट, मुठीएवढं. नवी खडी फोडायला डोंगर कशाला कापायचा, म्हणाली. त्यावर बारीक खडी, त्यावर कच, त्यावर ग्रॅनाइटच्या कारखान्यानं टाकून दिलेले तुकडे. दोन दगडांत बोटभर फट. फटीत कच. मग तिनं बादलीभर पाणी ओतलं. पाणी आम्ही बघत असतानाच गेलं. दगड नुसते ओले राहिले.

"अगं बाई! भोक पडलंय का खाली?" वाडीतली लच्चव्वा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

सुगुणा हसली नाही. पुढं झाली आणि विचारलं, "मॅडम, हे पाणी कुठवर जातं?"

"खाली. मातीत."

"कंबरभर?"

"त्याच्याही खाली. तुमच्या विहिरींना लागेपर्यंत."

"एक तांब्या ओतला तरी?"

मॅडमला वाटलं ती थट्टा करतेय. "एक थेंब ओतला तरी," ती हसून म्हणाली. "फक्त एक लक्षात ठेवा. सांध्यात माती जाऊ द्यायची नाही. मूठभरसुद्धा नाही. पायाला माती असेल तर धुऊन दगडावर या."

त्या संध्याकाळी सुगुणानं कित्येक दिवसांनी चुलीवर भाकरी नीट भाजली. "अक्का, मातीवर पडलेलं पाणी उन्हानं अर्धं उडून जायचं," ती म्हणाली. "हे सगळं त्याला मिळेल." मी म्हटलं, हो गं बाई, मिळेल.

काम सुरू झालं. दोरीनं खण आखून मशीननं सगळी जागा गुडघाभर खाली नेली. ताडाजवळच्या खणाशी नरसिमुलू आडवा उभा राहिला आणि गंगारामला म्हणाला, "मुळं आहेत. मॅडमनी झाड वाचवायला सांगितलंय. इथं हातानं." मुका कसला, वेळेला नेमकं बोलला. टिकावही घेतला नाही, खुरप्यानं माती काढली. सुगुणा घमेलं धरून बाजूला उकिडवी बसली होती. प्रत्येक घमेलं उचलायच्या आधी ती आत हात फिरवून बघायची. गुडघाभर खोल गेल्यावर नरसिमुलूनं खुरपं टाकलं आणि तळहातानं ती माती सारखी केली. खाली अजून हातभर माती होती, मग तो होता. तिथं धुमसही त्यानं कुणाला मारू दिला नाही. आपल्याच पायांनी चालून चालून खडी दाबली.

मार्गशीर्ष सरेपर्यंत आमचं हेच चाललं होतं. काँक्रीटचे तुकडे फोडताना हातांना आरपार चिरा पडल्या. रात्री तेल आणि मेण लावायचं, सकाळी पुन्हा सुतकीचे घाव. पुरुष दगड बसवायचे, आम्ही बायका कच चाळून फटीत झाडूनं भरायचो. मातीचं तर मी असं बघायचे की विचारू नका. सायन्ना एकदा चिलीम पेटवायला तळ्याच्या गाळातून तसेच वर आले. मी भर माणसांत ओरडले, "पाय धुवा! परत आलेलं माणूस असाल, पण पाय धुवा!" मॅडम पोट धरून हसली. तिला कुठं ठाऊक मी काय बोलले.

ताडाजवळचा खण नरसिमुलूनं सगळ्यात सावकाश केला. दगड निवडून निवडून आणले, कडा घासून गोल केल्या. लाकडी पट्टी ठेवून फट राखायची रीत होती, हा आपलं बोट घालून बघायचा. अवस आली तेव्हा खण पुरा झाला होता. दुपारी सगळे जेवायला बसले तेव्हा सुगुणा तांब्या घेऊन तिथं गेली, मी आडोशाला उभी राहिले. तिनं ओतलं. पाणी गेलं. तिनं दगडाला कान लावला.

"अक्का," तिनं हाक मारली. "पितोय."

तिच्या तोंडाकडं बघून मला हसावं की रडावं कळेना. पोर गेल्यापासून ते तोंड मी तसं बघितलं नव्हतं.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेवटचा दगड बसला. मॅडम सणाला गावी गेली होती, चार दिवसांनी येणार होती. पाण्याचा टँकर आणून सगळी जागा तपासायची, मग रावांच्या ताब्यात द्यायची, असं ठरलं होतं. रावांच्या थोरल्या मुलीचं लग्न माघात त्याच हॉलमध्ये होतं. दीडशे काय, तीनशे गाड्या येणार होत्या.

आता आमची एक रीत सांगते. छिन्नीनं घडवलेला दगड तापलेला असतो. घाव खाल्लेला असतो तो. घर असो, देऊळ असो, विहिरीचा काठ असो, दगड बसवून झाला की मालकानं पाय ठेवायच्या आधी वड्डराच्या बायकांनी त्याच्यावर सडा घालायचा, तांबडी माती नि शेण कालवून सारवायचं, वर मुग्गू, म्हणजे रांगोळी, काढायचा. मग दगड थंड होतो. थंड न केलेल्या दगडावर पाऊल पडलं तर मालकाच्या घरात भांडण, आणि घडवणाऱ्याच्या घरात दुखणं. आमच्या आज्या-पणज्यांनी केलं, आम्ही केलं. त्यात विचारायचं काय असतं?

सुगुणाच आधी उठली. "अक्का, एवढे घाव घालून ते दगड त्याच्या अंगावर ठेवलेत. ते तापलेले राहिले तर त्याला भाजेल ना?"

वाडीतल्या सगळ्या बायका निघाल्या. शेण आणलं, वारुळाची तांबडी माती आणली, पिठासारखी चाळून घेतली. संक्रांतीचं ऊन कोवळं होतं. कुणी गाणं धरलं, कुणी रावांच्या मुलीच्या नवऱ्याच्या नावानं थट्टा केली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही सडा घातला आणि हातानं सारवलं. ताडाजवळचा खण सुगुणानं कुणाला दिला नाही. एकदा सारवला, वाळू दिला, परत सारवला. बाळाला तेल चोळावं तसे तिचे तळहात फिरत होते. मग त्यावर तिनं मुग्गू काढला, मध्ये शेणाचा गोळा ठेवून भोपळ्याचं फूल खोवलं. घरी येऊन तिनं सणाची तांदळाच्या पिठाची सकिनं तळली आणि पहिलं बाजूला काढून ठेवलं. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

मातीचा कण जाऊ देऊ नका म्हणून मॅडमनी शंभरदा सांगितलं होतं. पण सडा म्हणजे माती असं आमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही. माती पायाला लागते. सडा देवाला घालतात.

चौथ्या दिवशी टँकर आला. राव स्वतः आले होते, पांढरं धोतर, डोळ्याला गॉगल. मॅडम पुढं होती. सारवण वाळून दगडांवर तांबूस पापुद्रा धरला होता, तो बघून ती जरा थबकली. पण तोवर टँकरचा कॉक उघडला होता.

पाणी पसरलं आणि उभं राहिलं. तांबडं, घोट्याएवढं. आम्ही वाट बघत राहिलो. नरसिमुलू खाली बसून फटीत बोट घालून बघत होता. पाण्यावर शेणाचा फेस आला, सुकलेलं भोपळ्याचं फूल तरंगायला लागलं, पण पाणी हलेना.

"हे पाणी पिणारे दगड होय?" राव म्हणाले.

मॅडमनं वाकून फटीतलं चिमटीत घेतलं, चोळलं. "माती कुणी घातली?" तिचा आवाज बारीक झाला होता. "मी सांगितलं होतं ना? कुणी घातली माती?"

"माती नाही मॅडम," लच्चव्वा म्हणाली. "सडा घातला. दगड थंड केले."

मॅडमनं चिमटीतला गाळ झटकला. तशीच ओल्यात खाली बसली. मग तिनं आम्हाला समजावून सांगितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेण आणि बारीक माती फटीत उतरून गच्च बसली, पाण्याची वाट बुजली. घरात सारवतो ते त्याचसाठी ना, जमीन घट्ट व्हावी म्हणून, ती म्हणाली. आमच्या माना खाली गेल्या. खरंच की. जन्मभर आम्ही त्याचसाठी सारवत आलो होतो.

मी सुगुणाकडं बघितलं. ती आपल्या तळहातांकडं बघत होती.

"दुरुस्त होईल," मॅडम रावांना म्हणाली. "सगळे सांधे उकरायचे, धुवायचे, नवी कच भरायची. आठ-दहा दिवस द्या."

"आणि दहाव्या दिवशी परत पाणी तुंबलं तर?" राव म्हणाले. "लग्नाला एकवीस दिवस आहेत. काँक्रीट ओतलं तर त्याला पंधरा दिवस पाण्यात ठेवावं लागतं. आज ठरवलं तर होतंय. दहा दिवसांनी ना हे, ना ते. वऱ्हाडाच्या गाड्या काय तळ्यात उभ्या करू?"

"परवानगी काँक्रीटची नाहीये सर."

"दंड भरू. मॅडम, तुमचं ऐकून मी दोन महिने घालवले. ह्या बायकांनी शेणानं सारवलं, त्यांना मी काही बोललो का? माझ्या पोरीच्या भल्यासाठीच केलं त्यांनी. पण आता पुरे."

"चूक माझी आहे. सडा घालू नका असं मी सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही."

"मग झालं तर," राव म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते, हे मी आजही म्हणते. घाईत होते.

सुगुणा कधी उठली ते कळलं नाही. कमरेचा विळा काढून ती ताडाजवळ गेली, बसली आणि सांधे उकरायला लागली. विळ्याचं टोक मोडलं, तशी खिळ्यानं उकरलं. मी गेले, नरसिमुलू आला, सायन्नाही खोकत येऊन बसले. फटीतून मऊ तांबडा गाळ निघत होता, तो आम्ही पदरानं टिपून घेत होतो. तिच्या बोटांची नखं उलटली. मी हात धरला तर तिनं तो झटकला.

"दोनदा सारवलं मी," ती म्हणाली. "बाकीच्यांनी एकदा सारवलं, मी दोनदा. इथंच दोनदा."

"गप बाई. उकर," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

मॅडम येऊन उभी राहिली. "अम्मा, इथूनच का सुरू केलंत? कडेपासून घेतलं तर सोपं जाईल."

सुगुणाचे ओठ हलले. मी झटकन म्हटलं, "तिचं जोडवं पडलंय इथं. चांदीचं. सापडलं तर बघतोय." मॅडमनं सुगुणाच्या पायांकडं बघितलं. दोन्ही जोडवी जागच्या जागी होती. ती तशीच मागं फिरली. कुठूनशी एक लोखंडी सळई घेऊन आली आणि आमच्या शेजारी बसून उकरायला लागली.

दिवस कलेपर्यंत खाटेएवढी जागा मोकळी झाली. धुतली, कच भरली. सुगुणानं टँकरच्या नळाखाली तांब्या भरला आणि ओतला. पाणी गेलं. ती उठून पळत हॉलच्या पायऱ्यांशी गेली. तिथं राव सिमेंटवाल्याशी फोनवर बोलत होते. आयुष्यात कधी रावांपुढं डोक्यावरचा पदर खाली आला नव्हता, तो खांद्यावर पडला होता.

"रावसाब, चला. पितंय. चला बघायला. पाणी पितंय."

राव आले. उगाच नाही म्हणणार नाही, आले. तिनं परत तांब्या ओतून दाखवला.

"खरंच की," ते म्हणाले. मग हळू आवाजात म्हणाले, "पण पोरी, खाटेएवढ्या जागेत माझ्या किती गाड्या राहतील?"

"एवढी तरी सोडा. एवढीच. इथं सिमेंट घालू नका."

"का गं? मधेच खड्डा कशाला ठेवायचा? काय आहे इथं?"

तिनं तोंड उघडलं. "इथं माझा," एवढं ती बोलली, आणि नरसिमुलूनं मागून तिच्या तोंडावर हात ठेवला. सगळ्यांदेखत. ओला, कचेनं भरलेला हात. "इथं तिचा जीव अडकलाय," तो म्हणाला. "घाम गाळलाय ना, म्हणून. घेऊन जातो मी." रावांना वाटलं, बाई कष्टानं वेडावली. त्यांनी गंगारामला सांगितलं, ह्यांना आज पोटभर जेवू घाला.

मॅडम त्या संध्याकाळी निघून गेली. जाताना माझ्याजवळ आली. "अम्मा, मी वर तक्रार करीन," म्हणाली. "महिना-दोन महिने लागतील." मी म्हटलं, करा मॅडम. तिला मी आणखी काय सांगणार होते?

काँक्रीटची फिरती गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी आली. दगड काढायलाही वेळ नव्हता, वरूनच ओतायचं ठरलं. गंगारामनं परगावची टोळी आणली होती, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घातलेली. ताडाजवळ गाडीची सोंड फिरली तसा नरसिमुलू पुढं झाला.

"ह्या खणात दुसऱ्यानं पाय टाकायचा नाही."

"अरे, तुझं काम संपलं," गंगाराम म्हणाला.

"पैसे नको. ह्या खणात दुसऱ्यानं पाय टाकायचा नाही."

टोळीतले हसले. कुणी म्हणालं, वड्डराला सिमेंटची हौस आलीय. तो चपला काढून अनवाणी उतरला. सिमेंटनं पाय भाजतात, चामडी निघते, त्याला काय ठाऊक नव्हतं? फावड्यानं ओढून घेतलं, फळीनं गटाराकडं हलका उतार देऊन सारखं केलं, मग गवंड्याचा रंधा घेऊन गुडघ्यावर बसला आणि थापटायला लागला. हळूहळू, एका लयीत, खूप वेळ. शेजारचे खण होऊन गेले तरी तो थापटतच होता. सुगुणा पोराला निजवताना तशीच थापटायची. मी तिथून उठून घरी आले. मला ते बघवलं नाही.

घरी सुगुणा भिंतीशी बसली होती. तिनं विचारलं, "झालं?"

"होतंय."

"कोण करतंय?"

"नरसिमुलू."

तिनं मान हलवली. मग म्हणाली, "बरं झालं."

काँक्रीट वाळल्यावर त्याच्यावर चिखलाचे बांध घालून पाणी भरलं. घट्ट व्हायला लागतं म्हणे तसं. पौषाची अवस त्यातच आली. आम्ही दोघी कुंपणाशी गेलो. त्या एवढ्या मोठ्या जागेवर पाणीच पाणी होतं, त्यात ताड उलटा दिसत होता. सुगुणा तांब्या हातात घेऊन उभी राहिली.

"अक्का, एवढं पाणी उभं आहे त्याच्यावर," ती म्हणाली. "आणि त्याला एक घोट नाही."

मी तिला धरून परत आणलं. वाटेत तांब्या तिच्या हातून हिंदकळत होता, आणि सांडेल तिथं ती थांबून मातीकडं बघत होती.

लग्न झालं, थाटात झालं. वाडीला जेवण आलं, आम्ही खाल्लं. पोट आहे. नरसिमुलूच्या पायांच्या जखमा भरल्या, पण तो त्या बाजूला फिरकत नव्हता. मॅडमची तक्रार कुठं पोचली माहीत नाही.

माघाच्या अवसेला कुणाच्यातरी घरची जेवणावळ होती हॉलवर. कुंपणाचं फाटक उघडं होतं. सुगुणा तांब्या भरून निघाली तशी मी मागं गेले. आता खाली काही जात नाही, हे तिलाही माहीत होतं. पण अवस होती. आई आहे, बसून राहील कशी?

ताडाजवळच्या खणात एक पांढरी मोठी गाडी उभी होती. तिचं मागचं चाक नेमकं तिथंच होतं. लांबून आलेली असावी, चाकाला तांबडा चिखल वाळून बसला होता. सुगुणा खाली वाकली. चाकाच्या बाजूला तिनं थोडं पाणी ओतलं. ते सिमेंटवरून घसरलं, नरसिमुलूनं दिलेल्या उतारानं सरळ गटाराकडं पळत गेलं. तिनं पुढं तळहात आडवा धरला. पाणी बोटांवरून गेलं. तिनं पदर लावून टिपलं, परत जागेवर आणून पिळलं. ते परत गेलं.

तेवढ्यात गाडीवाला आला. भला माणूस होता, कपाळाला कुंकू, हातात विड्याचं पान. "अम्मा, गाडी धुताय का?" म्हणाला. "धुवा, धुवा. तेवढं चाकही नीट धुवा. चिखल फार आहे." आणि आम्हाला त्रास नको म्हणून पलीकडं जाऊन उभा राहिला.

मला वाटलं, आता ही किंचाळेल. मी तिचा दंड धरायला गेले. पण तिनं तांब्यात उरलेलं पाणी बघितलं, पदराचं टोक भिजवलं आणि त्या चाकापुढं बसली. आधी मोठा चिखल नखांनी काढला. मग खाचेखाचेतून पुसलं, फटी उकरत होती तशीच. थोडं थोडं पाणी घेत होती, पुरवून पुरवून.

"अगं, काय करतेस?" मी म्हटलं. "सोड. चल घरी."

"थांब अक्का," ती म्हणाली. "त्याच्या अंगावर उभं आहे. स्वच्छ तरी असू दे."

शेवटचं घोटभर पाणी तिनं चाकावरच ओतलं. मीही मग खाली बसले आणि दुसरं चाक पुसायला घेतलं.